पावलांचा गाळ

पूर आला की हल्ली नदी बघायला कोणी जात नाही. पूर्वी जायचे. पुलावर गर्दी व्हायची, पोलिस शिट्ट्या मारून दमायचे, आणि खांबावरच्या पट्टीला पाणी कुठवर लागलं यावर चहाच्या गाड्यांपाशी पैजा लागायच्या. आता भोगाईकाठच्या विजयपेठ शहरात पूर ऐकतात. नियंत्रण कक्षात डॉ. विभावरी चौगुले हेडफोन लावून बसते आणि बाकीचं शहर तिच्या तोंडाकडे बघत बसतं.

हे असं का झालं ते सांगायला हवं. नदीतून सेकंदाला किती पाणी वाहतं, याला विसर्ग म्हणतात. हिशोब शाळकरी आहे. पाण्याने भरलेला नदीचा छेद किती चौरस फूट आणि पाणी सेकंदाला किती फूट पळतं, यांचा गुणाकार केला की क्युसेक मिळतात. साध्या दिवसांत होडीतून वेगमापक सोडावा, पट्टी वाचावी, गुणाकार करावा आणि जेवायला घरी जावं. मोठ्या पुरात होडी जात नाही, पट्टी बुडते, आणि सगळ्यात वाईट म्हणजे नदी स्वतःचा तळ खरवडून काढते. वरून पाणी कालच्याइतकंच दिसतं, खाली मात्र पात्र पुरुषभर खोल झालेलं असतं. त्यात डोंगरावरचा अपधाव, म्हणजे जमिनीने न पिता सोडून दिलेलं पाणी, कुठल्या ओढ्याने कधी येईल याचा भरवसा नाही. असाच एकदा आकडा चुकला आणि अर्धी विजयपेठ पाण्यात गेली.

मग कोणाच्या तरी लक्षात आलं की नदी गप्प वाहत नाही. भोवरे काठाला धडका देतात, तळाशी दगडगोटे गडगडत जातात, आणि त्याने जमीन थरथरते. आपल्या पायांना ते कळत नाही, पण इंटरनेटसाठी काठाकाठाने पुरलेल्या काचेच्या तारेला कळतं. तारेत लेसरचा ठोका सोडला की काचेतल्या बारीक दोषांवरून थोडा प्रकाश माघारी येतो. जमीन हलली की तार केसाच्या हजाराव्या हिश्शाइतकी ताणली जाते आणि माघारी येणाऱ्या प्रकाशात फरक पडतो. असे ठोके सतत सोडत राहिलं की तारेचा प्रत्येक मीटर एक कान होतो. कोणती थरथर म्हणजे किती क्युसेक, हे गणित विभावरीने वर्षानुवर्षं काठचा चिखल तुडवून बसवलं होतं. सरकारी कागदांत या पद्धतीचं नाव भूश्रवण होतं. लोक नुसतं ‘तार’ म्हणत.

तारेची एक खोड होती. तिला सगळंच ऐकू यायचं: ट्रॅक्टर, उपशाचे पंप, म्हशी, लग्नाची वरात. त्यातून नदी वेगळी काढायला विभावरीने एक गणिती गाळणी बनवली आणि तिचं नाव ठेवलं तुरटी. गढूळ पाण्यात तुरटी फिरवली की गाळ खाली बसतो, तशी ही गाळणी बाकीचे आवाज खाली बसवायची. वर फक्त नदी उरायची. त्या नदीचा जो आकडा येई त्याला स्वच्छ आकडा म्हणत, आणि कायद्याने तेवढाच चालत असे.

कायदा मध्ये आला तो सोडदारांमुळे. शहराच्या वरच्या अंगाला, काठाच्या बांधात, नऊ मोठी लोखंडी दारं बसवली होती. स्वच्छ आकडा दोन लाख क्युसेकच्या वर गेला की दार उघडायचं, पाणी शेतांत पसरू द्यायचं आणि खालचं शहर वाचवायचं. दार एकदा उघडलं की पाण्याच्या रेट्यापुढे पूर ओसरेपर्यंत मिटत नसे. पहिलं दार नदीच्या वळणावर, वाकसंगी गावाला होतं. गावाला माळावर नवी घरं दिली होती, आणि जुन्या गावठाणात उरलेल्यांना पुराआधी तिकडे नेत. शहरासाठी गाव बुडवायचा हा न्याय ज्याने काढला तो शहरातच राहत असणार, हे वेगळं सांगायला नको.

त्या श्रावणात भोगाई चढतच होती. दुपारी प्रांताधिकारी रफीक मणेर विभावरीच्या खुर्चीमागे येऊन उभा राहिला. दार उघडायच्या हुकमावर सही त्याची असायची. भिजून अंगावरच वाळलेले कपडे, तांबारलेले डोळे, आणि माणूस भला.

“मॅडम, आकडा?”

“एक लाख शहाण्णव हजार. चढतोय.”

“शहराचा तट किती वेळ धरेल?”

“तासभर. फार तर दीड.”

“मग वाकसंगी तयार ठेवतो. गाव रिकामं आहे. काल मीच सगळ्यांना ट्रॅक्टरवर बसवून माळावर पोचवलं. एक म्हातारं कोंबड्या घेतल्याशिवाय हलेना. शेवटी प्रांताने कोंबड्या धरल्या.”

विभावरी हसली. आकडा पाठवण्याआधी खाली बसलेल्या गाळावरून एकदा नजर टाकायची तिला सवय होती. गाळात काय काय आहे ते तुरटी नावानिशी सांगत असे. एका ओळीत होतं: वाकसंगी, देवळाजवळ, उपसा पंप. ती वाचून पुढे गेली आणि पुन्हा मागे आली.

“मणेर साहेब, वाकसंगीची वीज कधी तोडली?”

“परवा. का?”

“मग पंप कशावर चाललाय?”

“डिझेलचा असेल एखादा.”

“शेतात पावसाचंच गुडघाभर पाणी असताना नदीतून पाणी उपसतंय कोण?”

तिने तो गाळ कानाला लावला. दोन ठोके, जराशी मोकळी जागा, मग एक जोरकस ठोका. पुन्हा तेच, आणि पुन्हा तेच. यंत्राने त्याला पंप म्हटलं यात त्याची चूक नव्हती, इतका तो नेमका होता. पण विभावरीचं आजोळ याच काठचं. पंचमीला अंगणात हा ठोका तिने स्वतःच्या पायांनी धरला होता.

“साहेब, हा पंप नाही. बायका फेर धरून नाचतायत. दीड-दोनशे तरी असतील.”

मणेरने माळावरच्या तलाठ्याला फोन लावला. छावणीत पुरुष होते, पोरं होती, कोंबड्यासुद्धा होत्या. बायका नव्हत्या.

वाकसंगीत जुनी रीत होती. पुराचं पाणी देवळातल्या भोगाईच्या मूर्तीच्या पायांना लागलं की गावातल्या बायकांनी नदीची ओटी भरायची आणि देवळापुढच्या चौथऱ्यावर फेर धरून जोरजोरात पाय आपटायचे. घरात माणसं आहेत हे नदीला कळावं, म्हणून. रिकाम्या घरात नदी शिरते, असं तिकडे म्हणत. गाव माळावर गेलं, रीत काही गेली नव्हती. पोलिस मोठ्या रस्त्यावर पहारा देत उभे राहिले आणि बायका मागच्या पाणंदीने ओट्या घेऊन खाली उतरल्या.

“तुमची तुरटी काढा,” मणेर म्हणाला. “आधी खात्री करू.”

तिने गाळणी बंद केली. पडद्यावरची नदीची रेघ फुगून जाड झाली.

“आता आकडा सांगा.”

“आता सांगता येत नाही.”

“म्हणजे?”

“पावलाचा एक ठोका पडला की त्यातून दुप्पट, तिप्पट वेगाची बारीक थरथरही निघते. ती नेमकी नदीच्या थरथरीत मिसळते. तुरटी लावली तर नदी ऐकू येते, बायका गाळात जातात. काढली तर बायका ऐकू येतात, आणि नदी पावणेदोन ते अडीच लाखांत कुठेही असू शकते.”

“एक तर पाणी मोजायचं, नाहीतर माणसं.”

“या तारेवर, हो.”

मणेर खुर्ची ओढून तिच्या शेजारी बसला. “तुरटी लावून आत्ता किती येतो?”

“दोन लाख चार हजार.”

“तो तुम्ही पाठवलात तर मला थांबता येत नाही. नाही पाठवलात तर येतं. मी होड्या सोडतो.” मग जरा हळू म्हणाला, “खाली तीन लाख माणूस आहे, मॅडम.”

“माझंही घर खालच्या वेशीतच आहे, तटाला लागून.”

तिने आकडा पाठवला नाही. होड्या गेल्या, बायकांना हाताला धरून, काहींना शिव्या घालून वर आणलं, आणि मग दार उघडलं. पण मधल्या वेळात शहराचा तट खालच्या वेशीपाशी ओलांडून पाणी आत शिरलं. सात माणसं गेली. विभावरीचं घर वाचलं, पलीकडच्या गल्लीतलं नाही. त्या सातांची नावं तिला पाठ झाली होती आणि कामात असताना ती मनाशी सुरू व्हायची. कोणी तिला बोल लावला नाही, उलट चौकशी समितीने पाठ थोपटली. ते तिला जास्त लागलं.

समितीने नियम बदलला. यापुढे सोडदारापाशी माणसाची पावलं ऐकू येत असतील तर दार उघडायचं नाही. पडद्यावर पावलं आणि विसर्ग, दोन्ही दाखवायचं. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी असला कारभार पाहिलेल्यांना हा नियम फारच शहाणा वाटला.

दसरा झाल्यावर तुटलेली तार जोडायला विभावरी वाकसंगीला गेली. चौथऱ्याच्या कडेला खड्डा खणायचं काम चालू होतं, तेवढ्यात आक्काताई मगदूम स्वतः चहाची किटली घेऊन आली. साठीची, पंचायतीत दोनदा निवडून आलेली, फेराची म्होरकी तीच.

“बाई, त्या दिशी आमास्नी वडून न्हेलं. आमी हितं हाय ह्ये तुमाला कळलं कसं, त्ये सांगा.”

विभावरीने सांगितलं. तिला समजावून सांगायची हौस होती, आणि तीच नडली. तिने खड्ड्यातली तार दाखवली, ती कशी ताणली जाते ते रबरबँड ताणून दाखवलं, पावलाचा ठोका शहरापर्यंत कसा जातो ते सांगितलं.

“म्हंजे आमचं नाचणं तितवर पोचलं?”

“पोचलं.”

“आन् म्हणून दार उघडलं न्हाई.”

“तेवढा वेळ नाही उघडलं.”

आक्काताईने कपात पुन्हा चहा ओतला. “आमची सासू सांगायची त्ये खरंच निघालं की मग.”

“तसं नाही, आक्का. नदीला काही कळत नाही. कळलं ते आम्हाला. आणि तुम्ही नाचत होता म्हणूनच धोका होता. तुम्ही वर असता तर—”

“आमी नाचत हुतो तवर दार मिटलेलं हुतं. वर न्हेलं आन् गाव बुडालं.” आक्काताई शांतपणे म्हणाली. “ह्ये तुमीच सांगितलं न्हवं आत्ता?”

चहा गोड होता आणि तो विभावरीला संपवता येईना. तिने घाईघाईने बरंच काही सांगितलं, शहराचं, तटाचं, त्या सात माणसांचंही. आक्काताईने सगळं ऐकलं. तिला वाईटही वाटलं, डोळ्याला पदर लावला. पण ती वाकसंगीची होती, आणि पुढच्या आठवड्यात ही गोष्ट नऊही दारांच्या गावांत पोचली.

पुढचा पावसाळा बेताचा झाला. त्यानंतरच्या पावसाळ्यात भोगाई पुन्हा उठली, तेव्हा काठावर तयारी झालेली होती. तालमीतली पोरं, लेझीमवाले, बचत गटाच्या बायका, सगळ्यांच्या पाळ्या ठरल्या होत्या. मधल्या काळात एका कारखानदाराने ‘पावली’ नावाचं यंत्रही बाजारात आणलं होतं. बॅटरीवर सतत आपटणारे दोन लाकडी पाय. पण तुरटीला यंत्र ओळखू येतं अशी आवई उठली आणि लोकांनी पावल्या परत केल्या. आपला हात जगन्नाथ म्हणतात, इथे पाय जगन्नाथ झाला. खालच्या वेशीतली माणसंसुद्धा घाटाच्या वरच्या पायऱ्यांवर नाचत होती. तिथे दार नव्हतं, पण आपणही आहोत हे ऐकू गेलेलं बरं, असा त्यांचा विचार. त्यांना नावं कोणी ठेवावीत?

नियंत्रण कक्षात विभावरीच्या कानात नदी नव्हतीच. वरपासून खालपर्यंत नुसती पावलं.

“अंदाज तरी सांगा,” मणेर म्हणाला. त्याचे केस दोन वर्षांत पांढरे झाले होते.

“दीड लाख असेल. तीनही असेल.”

“आणि तुरटी?”

“लावून दाखवते. पण पावलं आहेत तोवर तो आकडा कामाचा नाही, नियमच तसा.”

“पट्टी होती तेव्हा बरं होतं म्हणायचं.”

“कालचा गोंधळ बरा होता,” ती म्हणाली आणि स्वतःच ओशाळली.

पावसात ड्रोन उडत नव्हते, काठावरचे कॅमेरे बुडाले होते. तटावरून पहारेकऱ्यांचे फोन येत होते, पाणी वर येतंय एवढंच ते सांगू शकत होते. मणेर दर थोड्या वेळाने खिडकीशी जाऊन यायचा. खिडकीतून वाहनतळाशिवाय काही दिसत नव्हतं, तरी जायचा.

दुपार कलताना वाकसंगीचा ठोका विस्कटला. आधी त्यातली गिरकी गेली, मग ठोके विरळ झाले, मग थांबले. पडद्यावर त्या टापूतली जाड रेघ बारीक होत गेली आणि सकाळपासून पहिल्यांदाच तिथे आकडा उमटला. वाकसंगी: पावलं शून्य. विसर्ग दोन लाख सव्वीस हजार. स्वच्छ.

मणेर धावत आला. “गेल्या?”

“गेल्या असतील.”

“किंवा?”

“किंवा बसल्या असतील. बसलेलं माणूस जमिनीला ऐकू येत नाही, साहेब. नुसतं उभं असलेलंही नाही. हलणारंच ऐकू येतं.”

तिने आक्काताईला फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. मणेर दुसऱ्या फोनवर तलाठ्याला विचारत होता. बऱ्याच बायका माळावर दिसतायत, सगळ्या आहेत का ते त्याला सांगता येईना. तेवढ्यात तटावरून निरोप आला, खालच्या वेशीत वाळूच्या पोत्यांमधून पाणी झिरपू लागलं होतं. विभावरीच्या मनात ती सात नावं सुरू झाली. ती शेवटपर्यंत गेली आणि पुन्हा पहिल्यापासून आली.

“मॅडम, नियमाप्रमाणे उघडता येतं. पण तुम्ही बोला.”

आणखी थोडं थांबू या, असं तिला म्हणायचं होतं. मागच्या वेळी ती थांबली होती.

“आकडा स्वच्छ आहे,” ती म्हणाली.

मणेरने सही केली. दार उघडल्याचा धक्का तारेवर आला, जोराचा आणि लांबलेला. शहरापाशी पाण्याची चढण थांबली. कक्षात कोणीतरी सुटकेचा श्वास टाकला, कोणीतरी देवाचं नाव घेतलं.

मग वाकसंगीत पावलं उठली.

फेर नव्हता तो. ठोका नव्हता, ताल नव्हता. शेकडो पावलं वाट फुटेल तिकडे पळत होती. चौथऱ्यावरून पाणंदीकडे, पाणंदीवरून माघारी देवळाकडे, काही बांधाकडे. विभावरी उभी राहिली. “बंद करा! दार बंद करा!” ती ओरडली. ते बंद होत नाही हे त्या खोलीत तिच्याइतकं कोणालाच माहीत नव्हतं. मणेर दोन्ही हातांनी टेबल धरून उभा होता. पावलं तारेपासून लांब जात पुसट झाली आणि संपली. ती माळाच्या चढाला लागली की पाण्याला, हे तारेवरून कळायला काही मार्ग नव्हता.

वाकसंगीच्या बायका थांबल्या आणि दार उघडलं, ही बातमी पाण्याच्या आधी पुढच्या गावांत पोचली. त्यानंतर काठावर कोणी थांबायला तयार होईना. पाळ्या मोडल्या. ज्यांची पाळी नव्हती ते उतरले, म्हातारे काठी टेकत उतरले, पोटुशी बाई नवऱ्याचा हात झिडकारून फेरात शिरली. आठ गावं आणि खालची वेस, सगळीकडून एकच दणदण येऊ लागली. ज्यांना पळायला हवं होतं ती माणसं जागच्या जागी पाय आपटत होती. पडद्यावर एकही आकडा उरला नाही. दुसऱ्या दाराचं काय करायचं, हे मणेरने विचारलं आणि उत्तराची वाट न बघता तो पुन्हा खिडकीकडे गेला.

विभावरीचा फोन वाजला.

“बाई,” आक्काताईला धाप लागली होती, “दार कशापायी उघडलं वो?”

“पावलं थांबली होती, आक्का.”

“जरा टेकलो हुतो की. दीस उगवल्यापास्नं नाचत हुतो, पुढची पाळी आली न्हवती. माळावरनं च्या आला, म्हणून घटकाभर टेकलो.”

विभावरीने विचारलं, “सगळ्या वर आल्या ना?”

“मोजतोय.”

पाऊस फोनमध्येही ऐकू येत होता.

“बाई, आता हितं माळावर पाय आपटलं, तर जातंय का तुमच्यापातूर?”

“नाही, आक्का. तिथे तार नाही.”

“मग कोन हाय आन् कोन न्हाई, ह्ये आता तुमाला कळायचं कसं?”

विभावरीने फोन कानाला तसाच दाबून धरला. आक्काताईने फोन बंद केला नव्हता. तिच्या मागे कोणीतरी बाई एकेक नाव घेऊन हाका मारत होती, आणि प्रत्येक हाकेनंतर थोडी थांबत होती.